रोमेल : कारकीर्द आणि कीर्ती

२० जून १९४२च्या पहाटे लिबियातील तोब्रुक बंदराच्या आग्नेय सीमेवर जर्मन स्टुका विमाने सूर मारून बाँब टाकू लागली. पाठोपाठ जर्मन आणि इटालियन तोफा धडाडल्या. धुरळ्याच्या आडोशाने जर्मन पथकांनी सुरुंग उपसून वाटा मोकळ्या केल्या, रणगाडे अडवण्यासाठी खणलेल्या खंदकावर पूल टाकले आणि सकाळीच रणगाडे तटबंदीच्या आत शिरले. हा सारा मारा ज्यांच्या अंगावर आला, ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतून भरती झालेली ही माणसे अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. दुसऱ्या दिवशी तोब्रुकच्या सेनापतीने शरणागती पत्करली आणि सुमारे ३३,००० सैनिक कैदेत गेले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी हल्लेखोर सेनापतीला हिटलरने फील्ड मार्शल केले. एर्विन रोमेल तेव्हा पन्नास वर्षांचा होता.

मराठी वाचकाला हे नाव परके नाही. वि. स. वाळिंबे यांचे ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ किंवा वि. ग. कानिटकर यांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ ज्यांनी तरुणपणी वाचले, त्यांच्या मनात रोमेलची एक प्रतिमा घट्ट बसलेली असते. टोपीवर गॉगल चढवलेला, उघड्या मोटारीत उभा राहून वाळवंट न्याहाळणारा, शत्रूनेही वाखाणलेला आणि शेवटी हिटलरनेच विष घ्यायला लावलेला सेनापती. या प्रतिमेतले बरेच काही खरे आहे. पण ती घडवण्यात गोबेल्सच्या प्रचारखात्यापासून लंडनच्या पार्लमेंटपर्यंत अनेकांचे हात लागलेले आहेत, आणि ज्यांच्या अंगावर त्याचे रणगाडे गेले ते मराठा शिपाई त्या चित्रात कुठेच दिसत नाहीत. म्हणून रोमेलचे चरित्र लिहायचे तर दोन इतिहास बरोबरच लिहावे लागतात, एक त्याच्या कारकिर्दीचा आणि दुसरा त्याच्या कीर्तीचा. हातातले पुस्तक हे करू पाहते, आणि मला त्याचे मोल याच कारणासाठी वाटते.

रोमेलचा जन्म १५ नोव्हेंबर १८९१ रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात, हायडेनहाइम गावी झाला. वडील शाळामास्तर, पुढे मुख्याध्यापक. घराण्यात लष्करी परंपरा म्हणावी अशी नव्हती आणि प्रशियन जमीनदारांच्या ज्या वर्तुळातून जर्मन सैन्याचे वरिष्ठ अधिकारी येत, त्या वर्तुळाशी या घराचा संबंध नव्हता. १९१०मध्ये तो एका व्युर्टेम्बर्गी पायदळ रेजिमेंटमध्ये उमेदवार म्हणून दाखल झाला. डान्झिगच्या युद्धशाळेत असताना त्याची लुसी मोलिनशी ओळख झाली आणि १९१६मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे रणांगणावरून तो तिला जवळजवळ रोज पत्र लिहीत असे. ही पत्रे आज त्याच्या चरित्रकारांचा मोठा आधार आहेत.

पहिल्या महायुद्धातला रोमेल अनेक चरित्रांत दोनचार पानांत आटोपला जातो. तसे करणे मला चूक वाटते, कारण पुढच्या रोमेलचे सारे गुणदोष तिथेच दिसतात. ऑक्टोबर १९१७मध्ये इसोन्झो नदीच्या डोंगराळ आघाडीवर, कापोरेत्तोच्या लढाईत, तो व्युर्टेम्बर्ग पर्वतीय बटालियनमधला लेफ्टनंट होता. हाताखाली काही तुकड्या होत्या. इटालियन फळी कुठेतरी फुटल्याचे दिसताच वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता तो त्या फटीतून आत शिरला, डोंगरकड्यांच्या मागून शत्रूच्या पिछाडीला आला आणि थकलेल्या माणसांना झोपू न देता चालवत माताउर शिखरापर्यंत पोचला. त्याच्या स्वतःच्या हिशेबानुसार ५२ तासांत ९,००० शत्रुसैनिक कैद झाले. थांबण्याचा हुकूम आला तेव्हा वरिष्ठांना पुढची परिस्थिती ठाऊक नाही, असे स्वतःशीच ठरवून तो पुढे गेला. त्याला ‘पूर ल मेरीत’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. हुकूम मोडला, जिंकलो, म्हणजे मोडला तेच बरोबर होते, हा धडा सव्वीसाव्या वर्षी डोक्यात बसलेला माणूस पुढे पन्नाशीत पूर्ण सैन्य घेऊन इजिप्तच्या दारात जातो तेव्हा काय होते, हे या पुस्तकातले एक मोठे सूत्र आहे.

युद्ध हरल्यानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणि अधिकारी चार हजारांवर आणले. त्या चार हजारांत रोमेलला जागा मिळाली, पण बढती नाही. १९१८मध्ये कॅप्टन झालेला हा अधिकारी १९३२पर्यंत कॅप्टनच राहिला. जनरल स्टाफचे प्रशिक्षण त्याने घेतले नव्हते. ड्रेस्डेनच्या पायदळ शाळेत त्याने शिकवायला सुरुवात केली, आणि तिथल्या व्याख्यानांतून पुढे पायदळाच्या हल्ल्यांवरचे त्याचे पुस्तक तयार झाले. १९३७मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक खूप खपले. हिटलरच्याही ते नजरेत आले.

इथून गोष्ट गुंतागुंतीची होते. रोमेल नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता. पण १९३९मध्ये पोलंडच्या मोहिमेत हिटलरच्या फिरत्या मुख्यालयाच्या संरक्षणाची जबाबदारी त्याच्याकडे होती आणि हिटलरविषयीचा त्याचा जिव्हाळा त्या काळच्या पत्रांत उघड दिसतो. मोहीम संपल्यावर त्याने हिटलरकडे चिलखती डिव्हिजन मागितली. पायदळातल्या आणि पर्वतीय युद्धातल्या माणसाला रणगाडे देण्यास सैन्याचे कर्मचारी खाते राजी नव्हते. तरी फेब्रुवारी १९४०मध्ये सातवी पान्झर डिव्हिजन त्याला मिळाली. ज्या व्यवस्थेने त्याला चौदा वर्षे कॅप्टन ठेवले होते, तिला बाजूला सारून ज्याने वर उचलले, त्याच्याशी माणूस कसा बांधला जातो, हे समजून घेतल्याशिवाय १९४४चा रोमेल समजत नाही.

फ्रान्सच्या मोहिमेची हकीकत थोडक्यात सांगता येते. १३ मे १९४० रोजी दिनाँजवळ म्यूज नदी ओलांडताना तो स्वतः पहिल्या फळीत होता. २१ मेला अरासजवळ ब्रिटिश रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला, तेव्हा विमानविरोधी ८८ मिलिमीटर तोफा रणगाड्यांवर रोखून त्याने तो परतवला. जूनच्या मध्याला सँ-व्हालेरी-आँ-को येथे स्कॉटिश डिव्हिजन त्याला शरण आली. डिव्हिजन नेमकी कुठे आहे हे फ्रेंचांना कळेना आणि कधीकधी जर्मन मुख्यालयालाही कळेना, म्हणून तिला ‘भुताची डिव्हिजन’ म्हणू लागले. प्रचारखात्याचा बडा अधिकारी कार्ल हान्के याच डिव्हिजनमध्ये होता, आणि ‘पश्चिमेतील विजय’ या चित्रपटासाठी नदी ओलांडण्याचा प्रसंग रोमेलने कॅमेऱ्यासमोर पुन्हा घडवून दाखवला. याच मोहिमेत, त्याच्या डिव्हिजनच्या वाटेवरील एरेन गावी, फ्रेंच सैन्यातला गॅबनचा कॅप्टन शार्ल न्चोरेरे कैद झाल्यावर गोळी घालून मारला गेला. त्या भागात इतर आफ्रिकी सैनिकांच्याही अशा हत्या झाल्या. रोमेलने तसा हुकूम दिल्याचा पुरावा नाही. पण ‘स्वच्छ युद्ध’ लढलेला सेनापती ही ओळ लिहिण्याआधी एरेनपाशी थांबायला हवे, आणि पुस्तक तिथे थांबते.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी रोमेल त्रिपोलीला उतरला. इटलीची लिबियातली फौज ब्रिटिशांनी उधळून लावली होती, आणि जर्मनांनी पाठवलेल्या छोट्या दलाचे काम त्रिपोली वाचवणे एवढेच होते. त्याने मार्चअखेर हल्ला चढवला. ब्रिटिशांना जर्मन सांकेतिक संदेश उलगडता येत होते, आणि बर्लिनने रोमेलला बचावाचेच आदेश दिल्याचे त्यांना त्यातून ठाऊक होते. म्हणूनच हा हल्ला त्यांना अनपेक्षित होता. रोमेलने आपल्याच मुख्यालयाचे ऐकले नाही, त्यात शत्रूही फसला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बेनगाझी पडले, दोन ब्रिटिश जनरल रस्त्यात कैद झाले, आणि मेकिली येथे तिसऱ्या हिंदी मोटार ब्रिगेडला वेढा पडला. तिथे सापडलेल्या ब्रिटिश सामानातूनच त्याने ते पुढे जगप्रसिद्ध झालेले गॉगल उचलले.

त्यानंतरची दीड वर्षे म्हणजे एका किनारी रस्त्यावरची लंबकासारखी ये-जा आहे. तोब्रुकला आठ महिने वेढा, १९४१च्या अखेरीस माघार, जानेवारी १९४२मध्ये पुन्हा मुसंडी, मे-जूनमध्ये गझालाची लढाई. गझाला ही रोमेलची सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते आणि ती मानण्याजोगी आहे. ब्रिटिशांची सुरुंगांनी बांधलेली फळी समोरून फोडण्याऐवजी तो रात्रीतून दक्षिणेकडून वळसा घालून मागे आला. २७ मेच्या सकाळी त्याच्या वाटेत तिसरी हिंदी मोटार ब्रिगेड उभी होती, तिच्यावरून इटालियन आणि जर्मन रणगाडे गेले. मग त्याचाच डाव उलटला. रसद तुटली, पाणी संपत आले आणि सुरुंगपट्ट्याला पाठ लावून तो अडकला. बहुतेक सेनापती इथे हरले असते. त्याने अडकलेल्या जागीच रणगाडाविरोधी तोफांची फळी उभी केली, ब्रिटिशांचे विस्कळीत हल्ले एकेक करून मोडले, त्यात हिंदी ब्रिगेडही चिरडल्या गेल्या, आणि पंधरा दिवसांत तो तोब्रुकच्या दारात पोचला.

पण या यशामागे आणखी काही होते, आणि ते रोमेलच्या जीवनकाळात कोणालाच उघडपणे सांगता आले नाही. कैरोतला अमेरिकी लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स वॉशिंग्टनला जे तपशीलवार अहवाल तारेने पाठवी, त्यांची सांकेतिक लिपी जर्मनी-इटली या अक्षराष्ट्रांनी मिळवली होती. ब्रिटिशांचे बळ, त्यांचे बेत, त्यांची कुचंबणा, सारे रोमेलच्या टेबलावर येई. जून १९४२च्या शेवटी हा झरा आटला. १० जुलैला इजिप्तमधल्या अल-अलामेनजवळ त्याची ब्रिटिश बिनतारी संदेश टिपणारी तुकडी ऑस्ट्रेलियन सैनिकांनी पकडली. त्यानंतर रोमेलला वाळवंटाचा पूर्वीसारखा अंदाज येईना. ‘बोटांच्या टोकांना कळणारी’ म्हणून गाजलेली त्याची अंतःप्रेरणा खोटी नव्हती, पण तिला पुरवठा कुठून होत होता हे कळल्यावर तिचे माप बदलते.

रसदेचा प्रश्न तर याहून मोठा. त्रिपोलीपासून अल-अलामेनपर्यंतचे अंतर दोन हजार किलोमीटरांच्या आसपास, लोहमार्ग जवळजवळ नाही, बंदरांची क्षमता तोकडी, आणि पेट्रोल वाहून नेणाऱ्या लॉऱ्या स्वतःच पेट्रोल पिणाऱ्या. इस्रायली इतिहासकार मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड यांनी १९७७मध्ये दाखवून दिले, की ब्रिटिशांच्या ताब्यातील माल्टा बेटावरच्या विमानांनी आणि पाणबुड्यांनी बुडवलेली जहाजे हे अक्षराष्ट्रांच्या हालाचे एकमेव कारण नव्हते. रोमेल जितका पुढे जाई, तितके त्याचे पुढे जाणेच त्याला उपाशी ठेवी. तोब्रुकनंतर माल्टा घेण्याचा बेत मागे टाकून इजिप्तवर चालून जाण्याचा आग्रह त्याने धरला आणि हिटलर-मुसोलिनींनी तो मानला. १ जुलैला देर-एल-शेन येथे इराकहून घाईने आणलेली अठरावी हिंदी ब्रिगेड त्याच्या वाटेत आली. ती नष्ट झाली, पण तिने त्याला दिवसभर अडवले, आणि तेवढ्या अवधीत मागची अल-अलामेनची फळी सावरली. अल-अलामेन म्हटले की ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी आठवतो. त्या जुलैतले हे हिंदी सैनिक फारसे कुणाला आठवत नाहीत. तिथल्या युद्धस्मशानभूमीत दहनसंस्कार झालेल्या हिंदू-शीख सैनिकांच्या स्मारकावर सहाशेहून अधिक नावे आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२मध्ये अल-अलामेनच्याच मोठ्या लढाईत रोमेल हरला. ती सुरू झाली तेव्हा तो ऑस्ट्रियात उपचार घेत होता, आणि त्याच्या जागी आलेला जनरल श्टुमे हृदयविकाराने दुसऱ्याच दिवशी मेला. रोमेल परतला, माघार मागितली, तर हिटलरचा हुकूम आला, जिंका नाहीतर मरा. एक दिवस तो थबकला, मग मागे फिरला. मागे फिरताना वाहने अपुरी पडली आणि इटालियन पायदळाच्या डिव्हिजन वाळवंटात तशाच राहिल्या. त्याच्या सैन्यात बहुसंख्य सैनिक इटालियनच होते. जर्मन आठवणींत ते हटकून भित्रे म्हणून येतात, आणि इंग्रजी पुस्तकांनी ते निमूटपणे उचलले. नोव्हेंबर १९४१मध्ये बीर-एल-गुबीला ब्रिटिश रणगाडे रोखणारी आरिएते डिव्हिजन किंवा अल-अलामेनला शेवटपर्यंत झुंजलेली फोल्गोरे पाहिली, की हा शिक्का किती अन्यायाचा आहे ते कळते. मार्च १९४३मध्ये रोमेलने आफ्रिका सोडली ती कायमची.

आता कीर्तीकडे वळू. गोबेल्सला वीर हवा होता, आणि रोमेलला छायाचित्रकार आवडत. प्रचारखात्यातला आल्फ्रेड बेर्न्ट आफ्रिकेत त्याच्या दिमतीलाच होता. रशियाच्या आघाडीवरून बातम्या वाईट येऊ लागल्या, तशी वाळवंटातल्या छोट्या आघाडीची जर्मन वर्तमानपत्रांतली जागा वाढत गेली. दुसरीकडे, २७ जानेवारी १९४२ रोजी चर्चिलने पार्लमेंटमध्ये रोमेलला मोठा सेनापती म्हणून गौरवले. सतत हरणाऱ्या सरकारला हे सोयीचे होते, कारण असामान्य माणसाकडून हरण्यात कमीपणा कमी. त्याच सुमारास ब्रिटिश सेनापती ऑकिनलेक यांना आपल्या अधिकाऱ्यांना बजावावे लागले, की रोमेलविषयी तो जादूगार असल्यासारखे बोलू नका.

युद्धानंतरचा टप्पा मला सर्वांत लक्षणीय वाटतो. १९४९मध्ये रोमेलचा नॉर्मंडीतला चीफ ऑफ स्टाफ हान्स श्पायडेल याचे पुस्तक आले. १९५०मध्ये डेस्मंड यंग यांचे चरित्र आले. हे यंग एकेकाळी ‘पायोनियर’ या हिंदुस्थानातल्या इंग्रजी दैनिकाचे संपादक होते, हिंदी सैन्यात अधिकारी होते आणि गझालाच्या लढाईत कैद झाले होते. जर्मनांनी त्यांना ब्रिटिश तोफखान्याकडे जाऊन मारा थांबवायला सांगा म्हटले, त्यांनी नकार दिला, आणि तिथे आलेल्या रोमेलने त्यांचा नकार उचलून धरला. हा प्रसंग पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. पुस्तकाला प्रस्तावना ऑकिनलेक यांची. १९५१मध्ये त्यावर जेम्स मेसनचा चित्रपट निघाला आणि त्यात यंग स्वतःच्याच भूमिकेत आले. १९५३मध्ये ब्रिटिश युद्धविचारवंत लिडेल हार्ट यांनी रोमेलचे कागद संपादून इंग्रजीत आणले. चार वर्षांत हे सारे का घडले? जून १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटले होते आणि पश्चिम जर्मनीला पुन्हा शस्त्रसज्ज करायचे होते. ज्यांच्याशी पाच वर्षांपूर्वी लढलो त्यांच्या सैन्याबरोबर खांद्याला खांदा लावायचा, तर त्या सैन्यात एक तरी स्वच्छ, सभ्य, हिटलरला बळी पडलेला सेनापती हवा होता. श्पायडेल पुढे नाटोच्या मध्य युरोपातील भूसेनेचा प्रमुख झाला. पश्चिम जर्मनीत बराकींना रोमेलचे नाव दिले गेले, एका विनाशिकेलाही. यंग यांनी खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. त्यांनी पाहिले ते लिहिले, पण ते पाहणे एका लढाईतल्या एका कैद अधिकाऱ्याचे होते, आणि काळाने त्याला साऱ्या जर्मन सैन्याचे प्रमाणपत्र करून टाकले.

सत्तरच्या दशकात सूर पालटला. वोल्फ हेकमान यांनी आफ्रिकेतल्या रोमेलवर कठोर टीका केली. डेव्हिड अर्व्हिंगच्या चरित्राने मूळ कागद बरेच धुंडाळले आणि रोमेल हिटलरविरोधी कटात नव्हता असा निष्कर्ष काढला. मात्र पुढे ज्यूंच्या संहाराविषयी अर्व्हिंगने केलेली लबाडी लंडनच्या न्यायालयात २०००मध्ये सिद्ध झाली, तेव्हा त्याच्या प्रत्येक पानाकडे सावधगिरीनेच पाहायला हवे. तिसरी पिढी गेल्या पंचवीस वर्षांतली. तिने विचारले, की वाळवंटातले युद्ध सभ्य होते असे आपण म्हणतो, तर कोणासाठी? क्लाउस-मिखाएल मालमान आणि मार्टिन क्युपर्स या इतिहासकारांनी २००६मध्ये दाखवले, की जुलै १९४२मध्ये एसएसचा अधिकारी वाल्टर राउफ तोब्रुकला येऊन गेला होता. विषारी वायूच्या मोटारींशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तोच हा राउफ. रोमेल कैरोला पोचला तर पाठोपाठ पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंपर्यंत जाण्यासाठी त्याचे पथक अथेन्समध्ये थांबले होते. रोमेलचे सैन्य थांबले म्हणून ते थांबले. ट्युनिशियात मात्र राउफ पोचला, आणि तिथल्या ज्यू पुरुषांना जर्मन सैन्यासाठी वेठीला धरले गेले. रोमेलने या योजना आखल्या नव्हत्या. पण त्याच्या प्रत्येक विजयाबरोबर त्या एकेक पाऊल पुढे येत होत्या.

आणि वाळवंट रिकामे नव्हते. युद्ध ‘शुद्ध’ राहिले कारण मध्ये नागरिक नव्हते, हे वाक्य चांगल्या चांगल्या पुस्तकांत सापडते. सायरेनेका हा लिबियाचा पूर्वेकडचा प्रदेश त्याआधी दहा वर्षे इटालियनांनी रक्ताने माखला होता. बेदुइनांना छावण्यांत कोंडले गेले होते, त्यांचा वृद्ध पुढारी ओमर मुख्तार याला १९३१मध्ये फासावर चढवले होते. १९४२मध्ये मुसोलिनीच्या हुकमाने बेनगाझीच्या ज्यूंना वाळवंटातल्या जादो छावणीत नेले, तिथे टायफसने पाचशेहून अधिक लोक मेले. आणि दोन्ही सैन्यांनी पेरलेले लाखो सुरुंग अल-अलामेनच्या परिसरात युद्धानंतर कित्येक दशके गुराख्यांचे आणि मुलांचे हातपाय तोडत राहिले. २०२०मध्ये हायडेनहाइममधल्या रोमेलच्या स्मारकाशेजारी सुरुंगाने पाय गमावलेल्या माणसाची आकृती उभारली गेली. जर्मनीतला हा वाद आजही जिवंत आहे. लोकशाही देशाच्या सैन्याने कोणाचे नाव अभिमानाने घ्यावे, हा प्रश्न तिथे बराकींच्या पाट्यांपाशी येऊन थांबला आहे, आणि असे प्रश्न आपल्याकडेही रस्त्यांच्या आणि पुतळ्यांच्या नावांनी रोज समोर येतात. म्हणून हे पुस्तक आज मराठीत यायला हवे होते.

आपला आणखी एक धागा यात आहे. आफ्रिकेत कैद झालेल्या हिंदी सैनिकांतून सुभाषबाबूंच्या बर्लिनमधल्या प्रयत्नांनी जर्मन सैन्यात हिंदी लीजन उभी राहिली. पुढे ती फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर होती, आणि फेब्रुवारी १९४४मध्ये किनाऱ्याची तटबंदी पाहायला आलेल्या रोमेलने तिची पाहणी केली. त्या प्रसंगाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या रणगाड्यांपुढे हात वर केले, त्याच्यासमोर आता जर्मन गणवेशात सलामी देत उभे राहणाऱ्या माणसांच्या मनात काय असेल? त्यांतले काही देशासाठी तिथे होते, काही छावणीतली उपासमार चुकवायला, आणि कैदेतल्या बहुसंख्य हिंदी सैनिकांनी तर जायचे नाकारलेच होते. यांतल्या कुणालाही गद्दार किंवा क्रांतिकारक अशा एका शब्दात बसवण्याची घाई लेखकाने केलेली नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

पुस्तकाची मांडणी सरळ जन्मापासून मृत्यूपर्यंत नाही. प्रत्येक मोठ्या लढाईनंतर ती लढाई पुढे कोणी कशी सांगितली याचा मागोवा येतो. नवख्या वाचकाला सुरुवातीला हे अडखळल्यासारखे वाटेल. थोडा धीर धरावा, तोब्रुकपर्यंत आल्यावर या पद्धतीचा उपयोग दिसू लागतो. लष्करी वर्णनांत लेखकाने ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर हे शब्द तसेच ठेवले आहेत आणि त्यांचे आकारमान आरंभी समजावले आहे. नकाशे भरपूर आहेत. मराठा बटालियनवरचा भाग पुस्तकात सर्वांत छोटा आहे, कारण शिपायांनी मागे ठेवलेले कागद फार थोडे. लेखकाने तिथे कल्पनेची भर घातलेली नाही.

शेवटचा भाग नॉर्मंडीचा. मित्रराष्ट्रांच्या फौजा तिथे उतरल्या त्या ६ जून १९४४ला त्या किनाऱ्याच्या बचावाचा सेनापती रोमेल लुसीच्या वाढदिवसासाठी घरी होता. १५ जुलैला त्याने हिटलरला लेखी कळवले, की ही लढाई आता हरल्यातच जमा आहे. दोन दिवसांनी विमानाच्या गोळीबारात त्याच्या मोटारीला अपघात होऊन डोक्याला जबर इजा झाली. तो अंथरुणावर असतानाच २० जुलैला हिटलरला मारण्यासाठी श्टाउफेनबर्गने ठेवलेला बाँब फुटला. कटवाल्यांपैकी होफाकर त्याला ९ जुलैला भेटून गेला होता. १४ ऑक्टोबरला हिटलरने पाठवलेले जनरल बुर्गडोर्फ आणि माइझेल हेर्लिंगेनच्या घरी आले. विष घेतले तर बायको-मुलाला धक्का लागणार नाही, नाहीतर खटला, असा पर्याय दिला. पंधरा वर्षांच्या मुलाचा, मानफ्रेडचा, निरोप घेऊन रोमेल मोटारीत बसला. चार दिवसांनी उल्म येथे सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. जखमांनी मृत्यू, असे देशाला सांगण्यात आले. हा मानफ्रेड पुढे बावीस वर्षे श्टुटगार्टचा महापौर होता.

रोमेल कटात होता का, यावर लेखकाशी माझे पुरते जुळत नाही. त्याच्या मते रोमेलला हिटलरला मारण्याच्या बेताची माहिती होती आणि तो गप्प राहिला, म्हणजे संमती होती. मला पुरावा एवढा पुढे जाताना दिसत नाही. पश्चिमेकडे युद्ध थांबवावे, गरज पडली तर हिटलरच्या मनाविरुद्ध, इथपर्यंत तो आला होता हे मी मानतो. त्यापलीकडचे बरेचसे श्पायडेलच्या आणि इतरांच्या युद्धानंतरच्या सांगण्यावर उभे आहे, आणि त्या सांगण्याची तेव्हा गरज होती. हस्तलिखित वाचताना यावर आमची दीर्घ चर्चा झाली. लेखकाने आपले मत बदललेले नाही, पण माझे आक्षेप आणि त्यामागचे कागद त्याने शेवटच्या भागात पूर्ण दिले आहेत. वाचकाने ते भाग सलग वाचावेत.